फुगायला जागा

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान, छापण्यासाठी किंचित काटछाट करून)



मघाशी मी आत येताना या सभागृहाचं दार अडलं, ते तुम्ही पाहिलंच. दोघांनी खांदा लावला तेव्हा कुठे ते उघडलं. वाचनालयाचे कार्यवाह ओशाळले. म्हणाले, "उद्याच सुताराला बोलावतो आणि तासून घेतो." मी त्यांना म्हटलं, व्याख्यान संपेपर्यंत थांबा. मला जे बोलायचं आहे ते या दारानेच सुरू करून दिलं.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते शाळेत हस्तव्यवसाय शिकवत. मला ते भेटले नाहीत. मी या गावात नोकरीला आलो त्याआधीच ते गेले होते. पण त्यांच्या हातच्या चार खुर्च्या खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती अजून आहेत. मी चारही खुर्च्यांवर बसून पाहिलं, पाठ टेकून, मुद्दाम हलून. एकही करकरत नाही. व्याख्यानमाला चालवायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

मी देशावरचा, सुताराच्या घरातला. आजोबा बलुतेदार, नांगर, कुळव, पाभर, गाडी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं. वडिलांनी अर्धं आयुष्य बलुतं आणि अर्धं रोजंदारी केली. मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक झालो. तीन पिढ्या हत्यारं तीच. धान्याच्या जागी मजुरी आली आणि मजुरीच्या जागी पगार.

कोकणात आल्यावर पहिल्या वर्षी मी स्वतःसाठी एक टेबल केलं. सागाच्या तीन रुंद फळ्या कडेला कड चिकटवून वरचा पाट केला आणि खालून दोन आडव्या पट्ट्या भरपूर सरस लावून, वर स्क्रू पिळून पक्क्या बसवल्या. हलता कामा नये, हा हट्ट. फळ्या पावसाळ्यातच आणलेल्या, ओलसर. पुढच्या फाल्गुनात एका रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. दिवा लावून पाहिलं तर टेबलाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. चिकटवलेला जोड शाबूत होता, फळी मधोमध फाटली होती. वडिलांना पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, की लाकडाला बांधून ठेवलंस, मग ते काय करणार? ते टेबल मी टाकलं नाही. पुढे दर वर्षी नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तेच दाखवत आलो.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समजा, गव्हाच्या काडाची असते तशी. हवेतला ओलावा नळ्यांच्या भिंतींत शिरला की भिंती जाड होतात आणि मोळी रुंदीत फुगते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हिरवं सागवान पूर्ण वाळवलं तर वार्षिक वलयांच्या दिशेने ते सुमारे 5.8 टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे सुमारे 2.5 टक्के, आणि लांबीत इतकं कमी की मोजायला जाऊ नये. हा साग आहे बरं का, सगळ्या लाकडांत शहाणा गणलेला. आता देशावरच्या उन्हाळ्यात वाळलेली फूटभर रुंदीची फळी कोकणातल्या आषाढात आणा. ती तीन-चार मिलिमीटर रुंद होणार. तीन-चार मिलिमीटर म्हणजे तुमच्या या दाराची फट आणि वर थोडं.

आणि ती फुगते तेव्हा तिच्यात केवढा जोर असतो! खिळा, स्क्रू, सरस कोणीही तिला अडवू शकत नाही. अडवलं तर ती स्वतः फाटते, नाहीतर अडवणाऱ्याला उपटून काढते. म्हणून जुना सांधा पाहताना दोन लाकडं किती घट्ट धरली आहेत, एवढंच पाहू नका. कोणत्या बाजूला घट्ट धरलं आणि कोणत्या बाजूला मोकळं सोडलं, ते पाहा. सुताराची अक्कल मोकळं सोडण्यात असते. यातली मेख तीच.

हा पाट मी घरून आणला आहे. आजोबांच्या हातचा, जेवायला बसायचा साधा पाट. पुढच्या रांगेपासून मागे जाऊ द्या आणि उलटा करून पाहा. खाली दोन आडव्या पट्ट्या आहेत, पण त्यांना खिळा नाही. फळीत आरपार एक चर कोरली आहे. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. पट्टीची कडही तशीच, कबुतराच्या शेपटीसारखी पसरट. पट्टी बाजूने सरकवत आणायची आणि ठोकून बसवायची. सरस लावलाच तर मधल्या दोन बोटांपुरता. फळी फुगली की पट्टीवरून दोन्हीकडे सरकते, वाळली की परत येते, आणि एवढं करूनही वाकत मात्र नाही, कारण पट्टीने तिला पाठीला धरलेलं असतं. या पाटाने देशावरचे उन्हाळे पाहिले आणि इथले पस्तीस पावसाळे. चीर सापडली तर मला दाखवा.

या सांध्याला आमच्या वर्गात 'डवटेल' म्हणत. कागदोपत्री त्याला कपोतपुच्छ का काहीतरी भारदस्त नाव आहे, पण ते तोंडात घेऊन कोणी कधी पटाशी हातात धरल्याचं मी पाहिलं नाही. आजोबांना दोन्ही शब्द माहीत नव्हते. ते 'शेपटी' म्हणत, बस.

दाराचंही तेच. जुन्या चांगल्या दाराची चौकट बारीक असते आणि मधलं पॅनेल रुंद. उभ्या-आडव्या पट्ट्या कुसू आणि खाच करून जोडलेल्या असतात. एका लाकडाच्या टोकाला जीभ ठेवायची, ते कुसू; दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची. पॅनेल मात्र चौकटीच्या आतल्या चरीत नुसतं उभं असतं. त्याला सरस नाही, खिळा नाही. आत दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा असते, तिच्यात ते पावसाळ्यात पसरतं आणि उन्हाळ्यात आखडतं. रंगारी घाईत असला तर पॅनेल आणि चौकट यांच्यात रंग भरून ती फट बुजवतो, आणि मग दोन वर्षांत दार फाटतं. गंमत म्हणजे घरमालक रंगाऱ्याला सोडतो आणि सुताराच्या नावाने बोटं मोडतो.

कुसू घट्ट कसं करायचं, याच्या दोन युक्त्या सांगतो. एक पाचर. खाच आरपार असेल तर मागच्या बाजूला ती किंचित रुंद करायची, कुसवाच्या टोकाला चीर द्यायची, आत घातल्यावर चिरेत पाचर ठोकायची. टोक आतल्या आत पसरतं आणि मग सांधा मागे येत नाही. दुसरी मेख. खाचेच्या दोन्ही भिंतींतून भोक पाडायचं, कुसवाला वेगळं भोक पाडायचं आणि ते कुसवाच्या मुळाच्या बाजूला एका तांदळाच्या जाडीएवढं सरकवून. निमुळती लाकडी मेख ठोकत आत घातली की ती वाट काढताना कुसवाला खेचून घेते. वडील माझ्या बोटाला धरून ते अंतर दाखवत. "जोंधळ्याएवढं नको, तांदळाएवढं." माप सांगायला घरात पट्टी होती, पण धान्यच सोपं पडे.

'पाचर मारणे' आणि 'मेख मारणे' यांचा अर्थ आपल्या भाषेत आता नुसता खोडा घालणे असा उरला आहे. याचं मला नेहमी वाईट वाटतं. ज्या दोन गोष्टींनी अख्खं घर उभं राहतं त्यांना आपण राजकारणात नेऊन बदनाम केलं. बाकी भाषेने सुतारमेटाचं पुष्कळ सांभाळलं आहे. प्रश्नाला कंगोरे असतात, ते कंगोऱ्याच्या रंध्याचे. शाळेच्या पुस्तकात पुढच्या दातांना पटाशीचे दात म्हणतात. विदर्भातल्या साडीच्या काठाला करवतकाठी म्हणतात. खात्री करून घेताना आपण खुंटा हलवून घट्ट करतो. आणि कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो, हे तर पोरालाही ठाऊक असतं.

दांड्यावरून आठवलं. कुऱ्हाड किंवा हातोडी सैल झाली की बहुतेक घरांत ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी दांडा घट्ट! आठवड्याने वाळला की आधीपेक्षा जास्त सैल. कारण फुगायला आत जागा नव्हती, भोवती लोखंड होतं. लाकडाच्या नळ्या स्वतःतच चेपल्या गेल्या आणि चेपलेली नळी वाळली की मूळ आकाराहून बारीक होते. मग पुन्हा बादली. असं चार वेळा केलं की दांडा बदलावा लागतो. एक पाचर मारली असती तर काम झालं असतं.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट, बाज. बाजेचे खूर आणि दांडे यांच्या सांध्यात ना मेख, ना सरस, ना खिळा. नुसतं कुसू खुराच्या खाचेत घातलेलं. विणायच्या आधी बाज उभी केली तर ती दारू प्यायलेल्या माणसासारखी डुलते. मग सुंभ घालायला लागायचं. प्रत्येक फेर समोरासमोरच्या दांड्यांना एकमेकांकडे ओढतो आणि दांडे खुरांत घुसत जातात. विणून संपली की तीच बाज चार जण बसले तरी हूं की चूं करत नाही. उलट वजनाने सुंभ ताणलं जातं आणि सांधा आणखी आवळतो. सैल पडली की पायथ्याची दोरी ओढायची. म्हणजे दुरुस्तीचं काम सुताराकडे राहिलंच नाही, ते घरच्या म्हातारीच्या हातात आलं. सुताराने आपल्याच पोटावर पाय आणणारी इतकी सुंदर वस्तू दुसरी केलेली नाही.

बैलगाडीचं चाक हे त्याचंच थोरलं भावंड. मधे तुंबा, त्यातून आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे, सगळं बाभळीचं, सगळं कुसवांवर. वर लोखंडाची धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा जरा लहानच करायची. गोवऱ्यांच्या वर्तुळात ती लालबुंद तापवायची, फुगली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसताना सगळे सांधे एकदम करकचून बसतात. तो आवाज ऐकायला अख्खी आळी गोळा होई. वैशाखात चाकं वाळून खुळखुळायला लागली की शेतकरी गाडी ओढ्यात उभी करून ठेवत. शाळेत असताना मला वाटे, बैल पाणी पितात म्हणून गाडी तिथे थांबते.

हत्यारांविषयी थोडं. आमच्या घरी भिंतीला टांगलेली करवत, एक वाकस, दोन रंधे, तीन-चार पटाश्या, खाच पाडायला जाड पाठीचं किकरं, भोकाला सामता, गुण्या, ओळंबा, लाकडी मोगरी आणि गेरूत बुडवलेलं सूत, एवढं होतं. यात गावाची शेती, लग्नाचे चौरंग आणि तिरडीचे बांबू सगळं बसे. मोठा रंधा दोघांनी चालवायचा. पुढे आडवी खुंटी असे, तिला धरून मी ओढायचो, मागून वडील लोटायचे. पोराला धंद्यात ओढणं म्हणतात ते हेच असावं.

वडील कधी टेबलाशी उभे राहिले नाहीत. जमिनीवर बसायचं, लाकूड टाचेखाली नाहीतर पायाच्या बोटांत धरायचं आणि करवत आपल्याकडे ओढत कापायचं. एकदा ते माझी कार्यशाळा पाहायला आले. मी मोठ्या ऐटीत लोखंडी शिकंजे दाखवले. त्यांनी एक शिकंजा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. म्हणाले, "मजबूत आहे." मग खाली फरशीवर बसले, पायाच्या अंगठ्यात फळीचा तुकडा धरला आणि माझ्या विद्यार्थ्यांसमोर चहा येईपर्यंत एक शेपटी कापून ठेवली. आखणीची रेघ नाही, काही नाही. पोरांनी त्यात सूर्याचा उजेड जातो का ते पाहिलं. गेला नाही. निदेशक म्हणून माझी इज्जत पुढे महिनाभर उतरलेली होती.

पहिला महिना मी फक्त धार लावायला शिकवत असे. पोरं कंटाळत. पण बोथट पटाशी लाकूड कापत नाही, चेपते, आणि चेपलेला सांधा आज घट्ट वाटतो तो उद्या सैल होतो; बादलीतल्या दांड्यासारखाच. शिवाय बोथट हत्यारावर जोर जास्त लागतो आणि जोर सुटला की हात कापतो. माझ्या वर्गात जेवढ्या जखमा झाल्या त्यांतल्या बहुतेक बोथट हत्यारांच्या. कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून पटाशीची पाठ आधी आरशासारखी सपाट करायची, मग तिरपी बाजू घासायची, शेवटी नखावर टेकवून पाहायची. घसरली तर बोथट, रुतली तर झाली. खंडेनवमीला घरी ही सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजत. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. पण आदल्या संध्याकाळी वडील सगळ्यांना धार लावून ठेवत. बोथट हत्याराला हळद-कुंकू वाहायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

ही विद्या किती जुनी, असं कोणी विचारतं. जर्मनीत लाइपझिगजवळ नवाश्मयुगातल्या विहिरी सापडल्या. त्यांचं आतलं ओकचं बांधकाम कुसू आणि खाचांनी जोडलेलं आहे आणि झाडांच्या वलयांवरून ते 7000 वर्षांहून जुनं ठरलं. 2012 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोखंड नाही, तांबंही नाही. दगडी वाकसाने कुसू पाडलेलं!

पण तेवढं लांब जायला नको. लोणावळ्याजवळ भाज्याचं चैत्यगृह आहे, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तिथले खांब आतल्या बाजूला कलते कोरले आहेत. दगड कोरताना खांब कलता करायची काही गरज नसते, कारण सगळा डोंगर एकसंध उभा आहे. लाकडी घरात छपराचा रेटा बाहेर येतो म्हणून खांब आत कलता ठेवतात. कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुताराचं घर होतं. छताला लाकडी कमानी आहेत, त्या खऱ्या लाकडाच्या. त्यांच्यावर काही टेकलेलं नाही. लाकडाशिवाय घर असतं हे कोरणाऱ्याला पटत नसावं, असं मला वाटतं.

कार्ल्याला तर सुताराचं नावच आहे. तिथल्या शिलालेखांत धेनुकाकटच्या सामी नावाच्या एका वढकीने, वेणुवासाच्या मुलाने, घराचं मुख केल्याची नोंद आहे. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात अजून वाढई म्हणतात तो. कार्ल्याच्या लेण्यात पुष्कळांची नावं आहेत आणि त्यांतले बहुतेक दान देणारे. याने पैसे दिले म्हणून नव्हे, हाताने काम केलं म्हणून त्याचं नाव आलं. आमच्या आजोबांनी आयुष्यभर केलेल्या वस्तूंवर कुठेही त्यांचं नाव नाही. त्या हिशेबाने सामी नशीबवान.

वाड्यांविषयी एक गोष्ट अभिमानाने सांगतात, की अमुक वाड्यात एकही खिळा नाही. मी अशी बरीच घरं वर चढून, माळ्यावर वाकून पाहिली. खिळे असतात. कडीपाटाच्या फळ्या कड्यांवर ठोकलेल्या असतात, दारांवर फुल्या असतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर तर हत्तीला हरकत घेणारे खिळे आहेत. पण वजन ज्या सांध्यांवर आहे तिथे, म्हणजे खांब आणि तुळई, आढं आणि वासे इथे खिळा क्वचित. कारण साधं आहे. खिळा गंजतो, आणि खारट हवेत तर लवकरच. कुसू गंजत नाही. त्याला आग मात्र लागते. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याच्या लाकडी इमारती गेल्या आणि चौथरे उरले. लाकडाचं कौतुक करताना एवढी बाब झाकायची नाही.

आता प्लायवूड आणि फेविकॉल. या सभागृहात कोणीतरी मनात म्हणत असेल की म्हातारा आता त्यांना शिव्या घालणार. नाही घालणार. सरस शिजवायला मी लहानपणी बसलो आहे. त्याचा वास तुमच्या शत्रूच्या घरीही नको. 1959 मध्ये पिडिलाइटने पांढरा गोंद आणला तेव्हा पहिलं सुख सुताराच्या नाकाला झालं. प्लायवूडमध्ये पातळ पदर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं फुगत नाही. म्हणजे जो प्रश्न आम्ही सांध्याने सोडवायचो तो कारखान्याने लाकडातच सोडवला. हुशारीच आहे ती. फक्त एक फरक सांगतो. सरस गरम वाफेने सुटतो. खुर्चीचा एक पाय मोडला तर जुना सांधा उघडून तेवढाच पाय बदलता येतो. गुरुजींच्या खुर्च्यांपैकी खिडकीकडच्या खुर्चीचा मागचा डावा पाय बदललेला आहे. लाकूड वेगळं आहे, शिसवीऐवजी सागाचा. खाली जाताना पाहा. आज घेतलेली खुर्ची मोडली की अख्खी मोडते.

घरात किती हत्यारं असावीत, असं मला विचारतात. बहुतेक घरांत खिळा खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकला जातो, त्यामुळे माझी अपेक्षा माफक आहे. एक बारीक दात्यांची करवत, एक पाऊण इंची पटाशी, एक छोटा रंधा, गुण्या, धारेचा दगड. सहावी गोष्ट लागली तर शेजाऱ्याकडे मागा. त्यानिमित्ताने बोलणं होतं.

कार्यवाहांना उत्तर द्यायचं राहिलं. तुमचं दार उद्या तासू नका. आता श्रावण आहे, लाकूड फुगून अंगापिंडाने जास्तीत जास्त झालं आहे. आज अडतं तेवढं तासलंत तर माघात बोटभर फट पडेल, वारा शिरेल, आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्या फटीला पट्टी ठोकाल. तोवर कडेला थोडं मेण घासा आणि खांदा लावत राहा. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की मला निरोप द्या. मी रंधा घेऊन येईन आणि मग पाहू, किती तासायचं ते. बहुधा काहीच तासावं लागणार नाही. पाट कुठपर्यंत पोहोचला? शेवटच्या रांगेतून परत येऊ द्या. तो घेऊनच मला बस गाठायची आहे.